आधी भिंत, मग दांडा

पाय घसरला की माणूस विचार करून हात टाकत नाही. हाताला जे लागेल ते धरतो. आपल्या बाथरूममध्ये हाताला काय काय लागतं ते एकदा उभं राहून बघा. टॉवेलची दांडी, गीझरखाली लोंबणारी जाळीची नळी, मिक्सरचा नळ, बेसिनची कड, जेट स्प्रेचा हुक, दाराची कडी. यातली एकही वस्तू माणसाचं वजन पेलण्यासाठी बसवलेली नाही. टॉवेलची दांडी दोन्ही टोकांना जेमतेम इंच-दीड इंचाच्या स्क्रूंवर उभी असते आणि ओला टॉवेल वाळवणं एवढंच तिचं काम. सत्तर किलोचा माणूस झटक्यात तिच्यावर लोंबकळला की ती उपटून हातात येते आणि माणूस दांडीसकट खाली जातो. भिंतीवर टांगलेलं बेसिन त्याहून वाईट. ते निखळलं तर फुटक्या चिनीमातीच्या धारेवर पडायची पाळी येते.

म्हणून आधाराचा दांडा. दुकानात त्याला ‘ग्रॅब बार’ म्हणतात. आईचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं किंवा वडील एकदा घसरून थोडक्यात वाचले, की घरात याची चर्चा सुरू होते. मग मुलगा किंवा सून मोबाइलवर चकचकीतसा दांडा निवडते, दोन दिवसांत खोका घरी येतो, रविवारी प्लंबर येतो, ‘कुठे लावू?’ म्हणून विचारतो आणि जिथे भिंत मोकळी दिसेल तिथे लावून जातो. हा सगळा क्रम उलटा आहे. आधी माणूस बघायचा, मग भिंत बघायची, आणि दांडा सगळ्यात शेवटी विकत घ्यायचा. दांडा ही या कामातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. चूक होते ती तो कुठे लावला आणि कशात रोवला यात.

बाथरूममध्ये माणसं पडतात कधी? अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने २००८ सालच्या नोंदी तपासल्या होत्या. त्या एका वर्षात १५ वर्षांवरच्या अंदाजे २ लाख ३४ हजार लोकांना बाथरूममधल्या दुखापतींमुळे इस्पितळाच्या तातडीच्या विभागात न्यावं लागलं आणि त्यातल्या शंभरातल्या ८१ जणांना ती इजा पडल्यामुळेच झाली होती. एक तृतीयांशाहून जास्त दुखापती अंघोळीच्या वेळच्या होत्या. पण वय जसजसं वाढत जातं तसा कमोडपाशी पडणाऱ्यांचा वाटा वाढतो. तिथे ना साबण, ना टबात चढणं-उतरणं. तिथे असतं फक्त बसणं आणि उठणं.

उठणं हेच म्हातारपणी अवघड काम असतं. बसलेला माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे धाव घेतं. तरुण शरीर क्षणात रक्तवाहिन्या आवळून दाब सावरतं, वयस्कर शरीराला तेवढी चपळाई जमत नाही. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० अंकांनी किंवा खालचा १० अंकांनी उतरला, तर डॉक्टर त्याला ‘पोश्चरल ड्रॉप’ म्हणतात. ब्लडप्रेशरच्या गोळ्या, लघवी जास्त करवणाऱ्या गोळ्या, प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्या यांनी हा उतार वाढू शकतो. त्यात पहाटे तीनची वेळ, अर्धवट झोप, दिवा लावायचा कंटाळा. आजोबा उठतात, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि हात भिंत चाचपतो. त्या हाताला नेमक्या त्या जागी काहीतरी पक्कं लागलं पाहिजे. एक फूट मागे असलेला दांडा तिथे काही कामाचा नाही.

एक फूट मागे असं मी मुद्दाम म्हटलं, कारण बहुतेक दांडे तिथेच लावलेले असतात, कमोडच्या बरोबर बाजूला, कमरेच्या रेषेत. कोणाला खुर्चीतून उठताना नीट बघा. माणूस सरळ वर जात नाही. पावलं मागे घेतो, धड पुढे झुकवतो, नाक पायाच्या बोटांच्या वर आलं की मग पार्श्वभाग सुटतो. म्हणजे उठताना शरीर आधी पुढे जातं आणि नंतर वर. कमरेजवळचा आडवा दांडा खाली दाबून उचलून घ्यायला चांगला, पण उभं राहिल्यावर तोल सांभाळायला हाताला काहीतरी पुढे लागतं. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराचा दांडा त्यासाठीच असतो. त्याचा आडवा भाग मांडीच्या बाजूने जातो आणि उभा भाग सीटच्या पुढच्या कडेच्याही ८ ते १२ इंच पुढे येतो. आडव्यावर दाबायचं, उभ्याला धरून वर यायचं. असा दांडा मिळाला नाही तर एक आडवा आणि एक उभा असे दोन साधे दांडे लावले तरी काम तेच होतं.

तिरका दांडाही दुकानदार सुचवतात, दिसायला तो ऐटदार असतो. मला तो ओल्या जागेत पटत नाही. साबणाचा हात तिरक्यावर खाली घसरत जातो. आडव्यावर तो जागेवर राहतो आणि उभ्यावर निदान मूठ आवळता येते.

उंचीचं काय? इथे परदेशी मोजमापं जशीच्या तशी उचलली की गंमत होते. अमेरिकेच्या अपंगांसाठीच्या कायद्याखालच्या मानकांत कमोडशेजारचा आडवा दांडा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर सांगितला आहे. ब्रिटनच्या इमारत नियमांत तसाच दांडा ६८० मिलिमीटरवर, म्हणजे पावणेसत्तावीस इंचांवर येतो. दोन्ही देश शहाणे, दोन्ही मानकं अभ्यासातून आलेली, आणि फरक सहा इंचांहून जास्त. ही मानकं मुख्यतः सार्वजनिक स्वच्छतागृहांसाठी आहेत. तिथे कोण येणार हे ठाऊक नसतं, म्हणून एक आकडा ठरवून टाकावा लागतो. आपल्या घरात कोण येणार हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. चार फूट दहा इंचांची आजी आणि आपल्याकडचा पंधरा-सोळा इंच उंचीचा कमोड असेल तर ३६ इंचांवरचा दांडा तिच्या खांद्याच्या आसपास जाईल, आणि खांद्याजवळच्या दांड्यावर दाब देता येत नाही, नुसतं लोंबकळता येतं. ब्रिटिश हिशेब आपल्याला जवळचा आहे. तिथल्या ४८० मिलिमीटर उंच सीटच्या वर २०० मिलिमीटर, म्हणजे सीटपासून आठ इंच. आपल्या कमोडला तो लावला तर दांडा जमिनीपासून चोवीस इंचांच्या आसपास येतो. तिथून सुरुवात करावी आणि बाकीचं माणसाला बसवून ठरवावं.

हे बसवून बघणं जो मिस्त्री करतो तो चांगला मिस्त्री. तो येतो, पिशवी खाली ठेवतो आणि ड्रिल काढायच्या आधी म्हणतो, “आजी, जरा बसता का? नेसल्या लुगड्यानिशी बसा. पण झाकण वर करून बसा हां, झाकणाने उंची बदलते.” आजी संकोचतात, मग हसून बसतात. “आता उठा. माझ्याकडं बघू नका, रोज उठता तशा उठा.” आजींचा उजवा हात आपोआप खिडकीच्या कट्ट्याकडे जातो, डावा गुडघ्यावर. मिस्त्री पुन्हा बसवतो, पुन्हा उठवतो, आणि हात जिथे दोन्ही वेळा गेला तिथे टाइलवर पेन्सिलीने फुली मारतो. “अहो, पण ती बाजू बरी दिसत नाही,” असं सूनबाई म्हणतात. मिस्त्री म्हणतो, “ताई, हात तिकडंच जातोय ना पण.” एवढ्या पाच मिनिटांत जे कळतं ते कुठल्याच तक्त्यात मिळत नाही. शक्य असेल तर हे सकाळी करावं, गुडघे आखडलेले असतात तेव्हा. संध्याकाळी सगळेच जरा सुटे असतात.

अर्धांगवायूचा झटका येऊन गेला असेल तर प्रश्न वेगळा होतो. दांडा धडधाकट हाताच्या बाजूला हवा, आणि त्या बाजूला भिंतच नसेल तर कमोडच्या मागच्या भिंतीवर बिजागरीने वर-खाली होणारा आडवा हात बसवावा लागतो. तो मात्र नीट रोवणं फार कठीण, कारण लांब हाताच्या टोकावर दिलेला सगळा दाब भिंतीतल्या चार स्क्रूंवर उपटण्याच्या दिशेने येतो. हे काम साध्या प्लंबरवर सोडू नये.

अंघोळीची बाजू आपल्याकडे परदेशापेक्षा वेगळी आहे. त्यांचे नियम बाथटब आणि शॉवरभोवती फिरतात. आपण बादली, मग आणि पाट-स्टुलाची माणसं. बुटक्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसून केलेली अंघोळ सुरक्षित वाटते, पण त्यावरून उठणं कमोडवरून उठण्यापेक्षा अवघड, कारण बैठक जितकी खाली तितका गुडघ्यांवर भार जास्त. म्हणून दांड्याच्या आधी स्टूल बदलावं. पायांना रबरी बूच असलेलं, सोळा-अठरा इंच उंचीचं, शक्यतो हातांचं. मग त्याच्या बाजूच्या भिंतीवर बैठकीच्या सात-आठ इंच वर एक आडवा दांडा, आणि बाथरूममध्ये शिरतानाच्या उंबऱ्यापाशी एक उभा. उंबऱ्यापाशी पाय एक कोरड्या फरशीवर आणि एक ओल्या फरशीवर असतो, तोल जायची ही हमखास जागा. तो उभा दांडा साधारण कोपरापासून खांद्यापर्यंतच्या उंचीत यावा.

नरकचतुर्दशीच्या पहाटेचं एक सांगून ठेवतो. अभ्यंगस्नानाचं तेल, त्यावर उटणं, चार जणांच्या अंघोळी एकामागून एक, आणि अजून उजाडलेलं नाही. फरशीवर तेलाचा थर बसतो तो साध्या पाण्याने जात नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांना पहिल्या अंघोळीचा मान द्यावा, परंपरेसाठी नव्हे, फरशीसाठी.

ज्यांच्याकडे अजून भारतीय बैठकीचा संडास आहे तिथे उकिडव्यातून उठताना माणूस स्वतःला पुढे ओढून घेतो. समोरची भिंत हाताच्या अंतरात असेल तर तिथे एक लांब उभा दांडा लावावा, म्हणजे हात वर वर सरकवत उठता येतं. पण गुडघ्याला सूज धरली असेल तर दांड्याच्या जिवावर उकिडवं बसत राहण्यात शहाणपण नाही. भांड्यावर ठेवायची कमोड खुर्ची आणावी.

आता भिंत. इथेच खरी गोम आहे.

दांडा भिंतीपासून दीड इंच पुढे असतो. त्यावर खाली दाब दिला तर स्क्रूवर आडवा भार येतो आणि तो बरेच स्क्रू पेलतात. पण मागे कलंडणारा माणूस दांडा स्वतःकडे ओढतो. तेव्हा स्क्रू भिंतीतून उपटायला बघतो आणि तो उपटेल की नाही हे स्क्रू किती जाड आहे यापेक्षा तो कशात आणि किती खोल रुतला आहे यावर ठरतं. अमेरिकन मानकांत दांड्याने २५० पौंडांचा, म्हणजे सुमारे ११३ किलोचा जोर कुठल्याही बिंदूवर सहन केला पाहिजे अशी अट आहे. खोक्यावर ‘१५० किलो क्षमता’ छापलेलं असतं ते दांड्याच्या नळीबद्दल. आपल्या भिंतीबद्दल खोक्याला काय माहीत?

बाथरूमच्या भिंतीचे थर मोजा. बाहेर टाइल, आठ-दहा मिलिमीटर. तिच्यामागे सिमेंटचा माल, जुन्या पद्धतीने लावलेली असेल तर पंधरा-वीस मिलिमीटर. त्यामागे गिलावा, बारा-पंधरा मिलिमीटर. म्हणजे वीट सुरू व्हायच्या आधीच पस्तीस ते पंचेचाळीस मिलिमीटर गेले. खोक्यात दांड्यासोबत येणारे स्क्रू बहुधा दीड ते दोन इंचांचे, म्हणजे अडतीस ते पन्नास मिलिमीटर. त्यांचं टोक विटेला जेमतेम शिवतं किंवा शिवतच नाही. दांडा घट्ट बसल्यासारखा वाटतो, हाताने हलवून बघितला तर हलतही नाही, पण त्याची सगळी पकड टाइल आणि गिलाव्यात असते. पहिल्या खऱ्या झटक्याला टाइलसकट खपली निघते. म्हणून खोक्यातले स्क्रू आणि त्यांच्यासोबतच्या मऊ प्लास्टिकच्या गिट्ट्या बाजूला ठेवाव्यात आणि हार्डवेअरच्या दुकानातून थरांच्या जाडीप्रमाणे साडेतीन ते चार इंची स्टेनलेस स्क्रू आणि त्यांच्या मापाचे चांगल्या नायलॉनचे लांब रावळप्लग आणावेत. विटेत निदान दोन इंच पकड मिळाली पाहिजे.

हे झालं विटेचं. आपल्या शहरांत भिंती चार तऱ्हेच्या, आणि रंगाखाली व टाइलखाली सगळ्या सारख्याच दिसतात. पहिलं भोक पाडताना ड्रिलमधून काय गळतं ते बघितलं की भिंत स्वतःच बोलते. लाल भुकटी आली की वीट. भुकटी करडी, बिट पुढे सरकायला तयार नाही आणि मशीन हातात थरथरतं, तर ते आरसीसी. हल्लीच्या टॉवरमध्ये ‘मायवान’ पद्धतीने ओतलेल्या भिंती अशाच असतात. दांड्यासाठी यापेक्षा चांगली भिंत नाही, फक्त आत सळई लागली तर हट्ट न करता इंचभर सरकावं. आणि बिट लोण्यासारखा आत गेला, फिकट मऊ पीठ भुरभुरलं, तर हातातलं काम थांबवावं. ती सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या ब्लॉकची भिंत. एम-२५ काँक्रीट चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन दाब सोसतं, हे ब्लॉक साधारण तीन ते पाच. वजनाला हलके, उन्हाळ्यात गार, बिल्डरला सोयीचे, पण साधा रावळप्लग त्यात फुगला की आजूबाजूचा ब्लॉकच चुरतो. इथे हलक्या ब्लॉकसाठीच बनवलेले लांब अँकर किंवा केमिकल अँकर लागतो. केमिकल अँकर म्हणजे भोकात रेझिनची पेस्ट भरायची आणि तिच्यात आट्यांची स्टीलची कांडी रोवायची. पेस्ट ब्लॉकच्या छिद्रांत शिरून घट्ट होते. ब्लॉकमध्ये ड्रिलची ठोका मारणारी पद्धत बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडावं, नाहीतर भोक भोपळ्याएवढं होतं. चौथी तऱ्हा पोकळ ब्लॉकची. बिट जोर लावता लावता एकदम आत पडतो. इथेही केमिकल अँकरच, पण जाळीच्या नळीत भरलेला, म्हणजे पेस्ट पोकळीत सांडून जात नाही.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या चिऱ्याच्या भिंती असतात. चिरा टणक दिसतो पण आतून सच्छिद्र आणि कुठे कसा असेल ते सांगता येत नाही. तिथे खोल भोक आणि केमिकल अँकर. जुन्या वाड्यांतल्या मातीच्या किंवा चुन्यात बांधलेल्या भिंतींवर मात्र मी भरवसा ठेवणार नाही.

जुने मिस्त्री एक देशी उपाय करतात आणि तो मला सगळ्यात आवडतो. बाथरूम आणि बेडरूम यांच्यामधली भिंत चार इंची असेल तर भोक आरपार पाडायचं, लांब बोल्ट घालायचा आणि बेडरूमच्या बाजूने लोखंडाची चपटी पट्टी ठेवून नट आवळायचे. आता दांडा ओढला तर बोल्टला उपटायला संपूर्ण पट्टीएवढी भिंत सोबत न्यावी लागेल. बेडरूममध्ये पट्टी दिसते, पण कपाटामागे किंवा रंगवून ती लपते. गृहसजावटीवाल्यांना हा उपाय सांगितला की ते कसनुसं तोंड करतात.

भोक पाडण्याआधीचं एक काम कोणी करत नाही. नाण्याने टाइल ठोकायची. भरीव ‘टक्’ आवाज आला तर ठीक, पोकळ ‘डब्’ आला तर टाइलच्या मागे माल भरलेला नाही. चार कोपऱ्यांत आणि मध्ये गोळे लावून टाइल चिकटवण्याची घाईची पद्धत आहे, तिचा हा परिणाम. पोकळ टाइलवर स्क्रू आवळला की ती तडकते. जागा थोडी सरकवावी, किंवा ती टाइल काढून भरीव बसवून घ्यावी.

दुसरं, पाइप कुठे आहेत. भिंतीत गाडलेले पाइप बहुधा नळापासून सरळ वर किंवा सरळ आडवे जातात, तिरके क्वचितच. गीझर आणि मिक्सर यांच्यामधला उभा पट्टा, प्रत्येक नळाच्या वरचा-खालचा पट्टा, गीझरच्या बटणापासून येणारी वायर, हे सगळं भोकांसाठी वर्ज्य समजावं. कमोडमागे भिंतीत दडवलेली फ्लशची टाकी असेल तर ती मागची भिंतही वर्ज्य. पाइप फुटला तर आधी खालच्या मजल्यावरचे काका येतात, मग सोसायटीचं पत्र येतं, आणि दोन्हींचा सूर सारखाच असतो. काम चालू असताना बाथरूमचा मेन कॉक आणि गीझरचा एमसीबी बंद ठेवला की निम्मी काळजी मिटते.

टाइलला भोक पाडताना आधी त्या जागी कागदी चिकटपट्टी लावावी म्हणजे बिट घसरत नाही. टाइल संपेपर्यंत टाइलचा बिट, हलका हात आणि ठोका बंद. वीट किंवा काँक्रीट लागलं की बिट बदलायचा आणि ठोका सुरू करायचा. टाइलच्या कडेपासून आणि कोपऱ्यापासून शक्य तितकं आत राहावं, तडा तिथूनच सुरू होतो. भोकातली भुकटी फुंकून किंवा पंपाने काढावी, कारण भुकटीवर बसलेला प्लग किंवा रेझिन कशालाच चिकटत नाही. स्क्रू घालण्याआधी भोकाच्या तोंडाशी सिलिकॉन भरावा, चकतीभोवती बोट फिरवून एक रेघ द्यावी. नाहीतर पाणी आत झिरपतं आणि भिंत पलीकडून फुगते.

एवढं झाल्यावर दांड्याची निवड सोपी. जाडी ३२ ते ३८ मिलिमीटर, म्हणजे सव्वा ते दीड इंच. आजीचा हात लहान असेल तर ३२. मूठ मारल्यावर अंगठा मधल्या बोटाला जवळपास टेकला पाहिजे. भिंत आणि दांडा यांच्यात दीड इंचाचं अंतर. मूठ मावायला एवढं पुरतं, आणि याहून जास्त नको, कारण घसरताना पंजाऐवजी अख्खा हात त्या फटीत गेला तर हाड मोडतं. पृष्ठभागावर बारीक खरवडलेले काप असलेला दांडा ओल्या हाताला धरतो, आरशासारखा चकचकीत निसटतो. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना पांढऱ्या टाइलवरचा चंदेरी दांडा दिसतच नाही, विशेषतः रात्री. त्यांच्यासाठी रंगीत नायलॉनचं आवरण असलेला घ्यावा, किंवा साध्या दांड्यावर गडद रंगाची पकडपट्टी गुंडाळावी.

दुकानदार लोहचुंबक लावून दाखवतो, “बघा साहेब, चिकटत नाही, ओरिजिनल स्टेनलेस.” या परीक्षेने फारसं काही सिद्ध होत नाही. ३०४ ग्रेडला चुंबक चिकटत नाही आणि स्वस्तातल्या २०२ ग्रेडलाही चिकटत नाही. २०२ मध्ये निकेल कमी आणि त्याची भर मँगनीजने काढलेली, दमट बाथरूममध्ये तो वर्षा-दोन वर्षांत डाग धरू लागतो. बिलावर ३०४ लिहून घ्यावं. समुद्रकाठच्या घरात ३१६ परवडला तर उत्तम, त्यातलं मॉलिब्डेनम खाऱ्या हवेत टिकाव धरतं. आणि कोणताही ग्रेड असो, टॉयलेट क्लीनरमधलं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड त्यावर उडू देऊ नये. क्लोराइड स्टेनलेसलाही टोचतं, बारीक खड्डे पाडतं, आणि गंज चकतीच्या मागे, स्क्रूपाशी लपून वाढतो.

व्हॅक्यूमवर चिकटणारे प्लास्टिकचे दांडे प्रवासात तोल सांभाळायला ठीक, वजन टाकायला नाहीत. टाइलच्या सांध्यावर, खडबडीत टाइलवर त्यांची हवा हळूहळू सुटते आणि सुटली आहे हे धरल्याशिवाय कळत नाही. भाड्याचं घर असेल, भिंतीला भोक पाडायला मालक तयार नसेल, तर कमोडभोवती ठेवायची चार पायांची चौकट घ्यावी. तिचे पाय रुंद हवेत आणि दोन्ही हातांनी समान दाब द्यायची सवय करावी. फरशीत रोवायचे खांब मात्र टाळावेत. फरशीखालचं वॉटरप्रूफिंग एकदा फुटलं की लीकेज काही केल्या सापडत नाही.

घरच्यांची खरी अडचण बहुधा वेगळीच असते. “मला काय झालंय? घराचं हॉस्पिटल करू नका.” हे वाक्य ऐकलं नाही असं घर विरळा. यावर वाद घालून उपयोग नसतो. दांडा सगळ्यांसाठी लावतोय म्हणावं आणि तसाच वापरावा. तोंडावर साबण असताना नातवानेही धरावा, बाळंतपणाला आलेल्या लेकीने धरावा. महिनाभरात आजोबाही धरतात, कोणी बघत नसताना. आणि दांडा लागला त्याच दिवशी हाताच्या टप्प्यातली जुनी टॉवेलची दांडी काढून दाराबाहेर किंवा दारामागे लावावी. दोन दांड्या शेजारी असल्या तर घाबरलेला हात कोणती धरेल याचा नेम नाही.

रेझिन वापरलं असेल तर डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत दांड्याला हात लावू नये. मग घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाने चाचणी घ्यावी. खाली गादी टाकून, आधी दाबून, मग मागे रेलून, मग झटका देऊन. बारीकसा कर्र आवाज, चकतीभोवतीच्या सिलिकॉनला चीर, टाइलवर केसाएवढी रेघ, यांतलं काहीही दिसलं तर मिस्त्री घरात असतानाच पुन्हा उघडायला सांगावं. पुढे दर सहा महिन्यांनी दांडा पिळून बघावा. सैल झालेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा आवळणं म्हणजे स्वतःची फसवणूक, कारण भोक मोठं झालेलं असतं. मोठा प्लग किंवा नवी जागा.

बाथरूमचं दारही याच कामात उरकून घ्यावं. आत उघडणारं दार पडलेल्या माणसाच्या अंगामुळे अडतं आणि मदत करणारे बाहेर उभे राहतात. दार बाहेर उघडेल असं फिरवता आलं तर फारच चांगलं, नाहीतर निदान आतली कडी काढून बाहेरून नाण्याने फिरवता येईल असं कुलूप बसवावं.

ज्यांचं बाथरूम आत्ता फोडलेलं आहे, टाइल लागायच्या आहेत, त्यांना सगळ्यात स्वस्तात सगळं जमेल. कमोडच्या बाजूची आणि स्टुलाजवळची भिंत, जमिनीपासून दोन ते चार फुटांचा पट्टा, सिपोरेक्सऐवजी विटेने किंवा काँक्रीटने भरून घ्यायला सांगा, आजी-आजोबा घरात नसले तरी. आणि टाइल लागण्याच्या आदल्या दिवशी उघड्या पाइपांसकट भिंतीचे फोटो काढा, मोजपट्टी भिंतीला लावून, आकडे वाचता येतील असे.